हात कुणाचा?

गेल्या पावसाळ्यात वस्तीतली पोरं माझ्याकडं कोरा कागद घेऊन आली. म्हणाली, "तू कविता लिहितोस, तुला भाषा येती. एक अर्ज लिहून दे." अर्ज जिल्हाधिकाऱ्याला. विषय, बंदुकीचं लायसन.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. जवळच्या एका गावात जयंतीची मिरवणूक कुठल्या रस्त्यानं न्यायची यावरून आमच्या पाव्हण्याच्या पोराला मारलं. डोक्यात चौदा टाके पडले. मारणाऱ्यांच्या घरात परवान्याची बंदूक आहे. त्या दिवशी ती वाजली नाही. वाजायची गरजच पडली नाही. ती वरातीत हवेत वाजते, आणि तो आवाज कुणाच्या दारापर्यंत जावा म्हणून काढलेला असतो ते सगळं गाव ओळखतं.

मी कागद ठेवून घेतला. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर असतो. धागा तुटला की सांधायचा, पुन्हा तुटला की पुन्हा सांधायचा. तीन रात्रपाळ्या धागे सांधत एकच विचार केला. दुसऱ्याच्या हातात आहे म्हणून ज्या वस्तूला आपण शिव्या देतो, ती आपल्या हातात आली की न्याय होतो का? आणि ती मागायचीच नाही म्हणावं, तर आपल्या माणसाला रिकाम्या हातानं मार खायला सांगणाऱ्यांच्या रांगेत मी जाऊन बसलो का? तीन रात्रींत अर्जाची एक ओळ झाली नाही.

माझं शिक्षण नववीपर्यंतचं. पण मिळेल तिथून जुने कायदे गोळा केले, वाचले, न कळलेलं दोनदा वाचलं. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. हत्याराचा कायदा हत्याराबद्दल फार थोडं बोलतो. तो हाताबद्दल बोलतो. हात कुणाचा, हे तो आधी बघतो. ती गोष्ट तुमच्यापुढं मांडतो.

*

आमच्या परंड्यात लहानपणाचा मोठा खेळ म्हणजे किल्ल्यातल्या तोफेवर घोडा करून बसणं. अजूनही किल्ल्यात तोफा आहेत. पण इथली सगळ्यात मोठी तोफ इथं नाही. विजापूरला जी मुलुख-ए-मैदान म्हणून दाखवतात ती १५४९ साली अहमदनगरला ओतली. ओतणाऱ्याचं नाव महंमद बिन हसन रूमी. वजन पंचावन्न टनांच्या घरात. ही तोफ परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ साली आदिलशाहीनं ती विजापूरला नेली. न्यायला हत्ती, शेकडो बैल आणि शेकडो माणसं लागली असं सांगतात. तोफ ओतणाऱ्याचं नाव राहिलं, तोफेच्या मालकाचं राहिलं. ओढणाऱ्यांपैकी एकाचंही राहिलं नाही.

किल्ल्यात तोफ, तशी गावाच्या वेशीवर काठी. माझा पणजा येसकर होता. येसकराच्या काठीला घुंगरं असायची. ती काठी आमच्या घरात आहे. घुंगरं गेली, खालची लोखंडी शेंबी राहिलीय.

त्या काठीचा कायदा बघा. रात्री वेशीवर कोण आलं, कोण गेलं ते बघायचं. चोर आला तर अंगावर घ्यायचा. सरकारी वसूल चावडीपासून पुढं पोचवायचा. म्हंजे गावासाठी मरायला काठी. पण तीच काठी पणजानं स्वतःच्या बायकोपोरांवर हात टाकणाऱ्यावर उगारली असती तर? दुसऱ्या दिवशी वस्तीत चूल पेटली नसती. काठी पणजाची होती, ती उगारायचा हक्क गावाचा होता. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

आता कागदावर जे लिहिलं गेलं ते बघू.

*

गावात, बाजारात हत्यार घेऊन फिरू नये, हा कायदा जुना आहे. इंग्लंडात १३२८ साली नॉर्दॅम्प्टनला असा कायदा झाला. जत्रेत, बाजारात, रात्री किंवा दिवसा कुणी सशस्त्र फिरायचं नाही. वाचताना बरं वाटतं. बाजारात भाकरी-मिठासाठी येणाऱ्या गरिबाला तलवारीची भीती नको, यात वाईट काय? पण त्याच कायद्यात राजाच्या चाकरांना सूट होती. हत्यार वाईट नव्हतं. राजाच्या हाताबाहेरचं हत्यार वाईट होतं.

समुद्रापलीकडं अमेरिकेत व्हर्जिनिया नावाची इंग्रजांची वसाहत होती. १६८० साली तिथं कायदा झाला की कुठल्याही निग्रो गुलामानं सोटा, काठी, बंदूक, तलवार, कसलंही हत्यार बाळगायचं नाही. आणि मालकाच्या चिठ्ठीशिवाय मालकाच्या जमिनीबाहेर पाऊल टाकायचं नाही. दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात. काठी आणि चिठ्ठी. मी हे वाचलं तेव्हा उठून पणजाच्या काठीकडं बघितलं.

गुलामी गेली. १८६५ साली मिसिसिपी राज्यानं नवा कायदा केला. सुटलेल्या काळ्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवता येणार नाही. परवाना देणार गोऱ्यांचं मंडळ. मालकाच्या चिठ्ठीच्या जागी सरकारी परवाना आला.

तिथल्याच टूमस्टोन गावात १८८१ साली ठराव झाला की गावात शिरताना बंदुका जमा करायच्या, जाताना परत न्यायच्या. कागदावर हा सगळ्यांना सारखा. पण २६ ऑक्टोबर १८८१ ला हाच ठराव अमलात आणतो म्हणून गेलेल्या पोलिसवाल्यांची आणि समोरच्या टोळीची गोळीबारी झाली. तीन माणसं मेली. दोन्ही बाजूंचं आधीपासून वैर होतं. एका बाजूच्या हातात कायदा होता, एवढाच फरक.

मी या कायद्यांना सरसकट वाईट म्हणत नाही. गावात बंदूक नको, हे मला पटतं. पण आमच्या गिरणीच्या गेटवर पाळी सुटताना आमची झडती होते, डबा उघडून दाखवावा लागतो, आणि मोटारीत बसून जाणाऱ्याची काच खाली होत नाही. चोरी वाईट हे मलाही मान्य आहे. राग झडतीचा नाही. राग काचेचा आहे.

*

आता आपल्या मुलखात या.

१८५७ च्या बंडात इंग्रजांनी लोकांकडून हत्यारं काढून घ्यायचा कायदा केला. मुधोळ संस्थानात, आजच्या बागलकोट जिल्ह्यात, हलगली नावाचं गाव आहे. तिथल्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला. शिकार आणि शिपाईगिरी यांवर जगणारी जमात. हत्यार म्हणजे त्यांचं पोट आणि त्यांची अब्रू. फौज आली, गाव जाळलं, पकडलेल्यांना फाशी दिलं. कन्नड लावण्यांत त्यांची कथा अजून गातात.

मग १८६० चा कायदा आणि त्यानंतर १८७८ चा, व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. परवान्याशिवाय हत्यार घेऊन फिरायचं नाही, बंदूक ठेवायची नाही. आणि सूट कुणाला? युरोपियन, अँग्लो-इंडियन, अमेरिकन, आर्मेनियन. कातडीचा रंग हाच त्यांचा परवाना. दक्षिणेत कूर्गच्या लोकांना जमात म्हणून सूट मिळाली, ती आजही चालू आहे. त्याच्या सात वर्षं आधी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता. म्हणजे एका कायद्यानं काही जमाती जन्मानं विश्वासू ठरवल्या, दुसऱ्यानं काही जन्मानं चोर ठरवल्या. मनूला यात नवीन काही दिसलं नसतं.

हा १८७८ चा कायदा ब्रिटिश मुलखाचा. बार्शी त्यात होती. परंडा निजामाच्या राज्यात. बार्शीचा बाजार करून परत येणारा माणूस वाटेत राज्य बदलायचा. जात बदलायची नाही. तिला दोन्हीकडं एकच कायदा.

पुढारी लोकांना १८७८ चा कायदा फार झोंबला. काँग्रेसनं १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून त्याविरुद्ध ठराव केले. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या चौकटीत हत्यार बाळगणं हा नागरिकाचा हक्क म्हणून लिहिला. त्यांचं म्हणणं खरं होतं. गोऱ्याला बंदूक आणि आम्हाला बंदी, हा अपमान होता. पण दोस्तहो, त्यांना तो अपमान १८७८ साली कळला. आपल्याला त्याच्या हजार वर्षं आधीपासून ठाऊक होता. मनुस्मृतीत धर्मावर संकट आलं तर द्विजांनी शस्त्र घ्यावं अशी मुभा आहे. आपल्या अंगावर संकट आलं तर आपण काय घ्यावं, ते कुठं लिहिलेलं नाही.

बाबासाहेबांनी हे १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात उघडं करून मांडलं. एवढा छळ सोसून इथला माणूस उठला का नाही? त्यांचं उत्तर असं की चातुर्वर्ण्यानं त्याच्याकडून लष्करी सेवेचं, राजकारणाचं आणि शिक्षणाचं, तिन्ही शस्त्रं काढून घेतली. युरोपातल्या दुबळ्याकडं ती होती. आपला माणूस भित्रा नव्हता. तो नि:शस्त्र केलेला होता.

आणि जिथं सापडलं तिथं त्यानं शस्त्र धरलंच. पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा आणि नेमबाजी शिकवली जायची. जोतीराव फुले तिथं शिकले. कंपनीच्या पलटणीत महार शिपाई होते, १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावं आहेत. पण पुढं १८९० नंतरच्या दशकात ही भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभारली, गरज संपल्यावर १९२१ साली मोडली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे.

म्हणजे बघा, येसकराची काठी आणि पलटणीची बंदूक, दोन्हींना एकच नियम लागला. त्यांच्या कामाला हात पाहिजे तेव्हा घे, काम झालं की खाली ठेव.

*

पोरांना मी हे सांगत होतो तेव्हा एकानं मधीच थांबवलं. "हे सगळं आमच्याच बाजूचं झालं की. मंग अर्ज लिहायला अडलंय कुठं?"

अडलं होतं ते घटना समितीत.

डिसेंबर १९४८ च्या पहिल्या दोन दिवसांत मूलभूत हक्कांवर चर्चा चालली होती. हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली की हत्यार बाळगणं हाही नागरिकाचा हक्क असावा. त्यांनी कराचीचा ठराव पुढं केला. आणि या दुरुस्तीला विरोध कुणी केला? बाबासाहेबांनी. ज्यांनी बारा वर्षांपूर्वी आपलं शस्त्र काढून घेतल्याचा हिशेब मांडला होता, त्यांनी.

त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा. काँग्रेसनं तो ठराव केला कारण परक्या सरकारनं गुलाम ठेवण्यासाठी हत्यारबंदी केली होती. आता ते कारण संपलं. कुणीही उठावं, बाजारात जावं आणि हवं ते हत्यार आणावं, असं झालं तर राज्य चालणार कसं? खरं तर हत्यार धरण्याच्या हक्कापेक्षा कर्तव्यावर जोर द्यायला पाहिजे. देशावर वेळ आली तर राज्यानं बोलवावं आणि प्रत्येकानं उभं राहावं.

दुरुस्ती पडली.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. मग आमच्या जिल्ह्याचा त्याच सालचा इतिहास आठवला. १९४७-४८ साली निजामी राज्यात रझाकारांच्या हातात बंदुका होत्या. खाजगी फौज, धर्माच्या नावानं उभारलेली. गावंच्या गावं रात्री शिवारात जाऊन निजायची. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, रझाकार संपले. त्यानंतर काय झालं ते आपण मोठ्यानं बोलत नाही. हत्यार दुसऱ्या हातात गेलं आणि गरीब मुसलमान मारला गेला. सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त होरपळलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आहे, आजचा धाराशिव. आपला. रझाकाराची बंदूक ज्यानं कधी हातात धरली नव्हती, अशा विणकराला, तांबोळ्याला तिची किंमत मोजावी लागली.

बाबासाहेब घटना समितीत बोलले ते याच्यानंतर अडीच महिन्यांनी. परंड्याच्या माणसाला त्यांचं म्हणणं कळायला पुस्तक लागू नये. बाजारात बंदूक खुली झाली तर ती आधी कुणाकडं जाईल? ज्याच्याकडं जमीन, ज्याच्याकडं पैसा, ज्याची भावकी मोठी. हत्याराचा हक्क सगळ्यांना सारखा दिला तरी हत्यारं सारखी वाटली जात नाहीत. आपल्या वाट्याला हक्क येईल आणि त्यांच्या वाट्याला बंदूक.

*

तरी प्रश्न सुटत नाही. कारण राज्यानं रक्षण करायचं हा करार होता, आणि तो करार आपल्या बाबतीत रोज मोडतो. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना मारलं तेव्हा राज्य कुठं होतं? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत कुठं होतं?

काळ्या माणसांनीही हाच प्रश्न विचारला. १९६६ साली ओकलंडला ब्लॅक पँथर उभी राहिली. त्यांचे लोक भरलेल्या बंदुका उघड्या हातात घेऊन पोलिसांच्या गाडीमागं फिरू लागले, कारण कॅलिफोर्नियात तसं फिरणं कायदेशीर होतं. गोरे लोक वर्षानुवर्षं फिरत होते, कुणाला काही वाटलं नव्हतं. काळा हात दिसला आणि १९६७ साली विधिमंडळानं मलफर्ड कायदा करून ते फिरणं बंद केलं. एका वर्षात. आपल्या पँथरनं १९७२ साली मुंबईत त्यांचं नाव घेतलं. बंदूक घेतली नाही. पेन, माईक आणि रस्ता घेतला. त्यानंही सरकार हादरलं होतंच.

आणि हो, पेन आणि माईकही हत्यारातच मोडतात. १९५१ च्या पोलीस कायद्याचं ३७ वं कलम वाचा. सणवार, जयंती, निवडणूक आली की स्टँडच्या भिंतीला त्याचा आदेश लागतो. तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, काठ्या घेऊन फिरायला बंदी. त्याच कलमात पुढं घोषणा, गाणी, वाद्यं आणि भाषणंही आहेत. काठी आणि गाणं एका कलमात बसवणाऱ्याला माणसाची चांगली पारख असणार. मी कवी आहे, मला हा मान वाटला. पण निळ्या झेंड्याची काठी किती फुटांची हे मोजणारी नजर वरातीतल्या बंदुकीकडं वळत नाही, हे मी स्वतः बघितलंय. हवेतल्या अशा गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय. कायदा आहे. हात बघून तो चालतो.

*

आता मूळ मुद्द्यावर येतो. पोरांनी कुठल्या आधारावर लायसन मागायचं ठरवलं? त्यांना एका वकिलानं सांगितलं होतं, आणि त्यानं खरं सांगितलं होतं. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यातला तिसरा नियम प्रत्येक कार्यकर्त्यानं पाठ करावा. ज्या भागात अत्याचार होण्याचा धोका आहे तो भाग राज्यानं ओळखायचा, आणि मग तिथं क्रमानं काय काय करायचं त्याची यादी आहे. त्या यादीत पाचव्या जागी लिहिलंय की गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शस्त्रपरवाने द्यावेत.

म्हणजे हजार वर्षांत पहिल्यांदा कायदा म्हणतोय की हा हातसुद्धा हत्यार धरू शकतो. पणजा असता तर त्याला खरं वाटलं नसतं. या ओळीची किंमत मी कमी करणार नाही. आपल्यापैकी एखाद्याच्या जिवाला खरोखर धोका असेल आणि तो परवाना मागत असेल, तर त्याला अहिंसेचं प्रवचन द्यायचा अधिकार कुणालाच नाही. ज्यांच्या कपाटात बंदूक आहे त्यांना तर मुळीच नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केलाय. बुद्धाची अहिंसा मान खाली घालून मार खाण्याची नव्हे. स्वतःच्या बचावाचा हक्क फौजदारी कायद्यातही आहे. पूर्वी दंडविधानात होता, २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ३४ ते ४४ या कलमांत आहे.

पण यादी पाचव्या कलमापासून वाचायची नसते. तिसरं कलम काय म्हणतं? त्या भागातल्या बिगर-दलित लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करा. त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, घरोब्याच्या मित्रांचेही रद्द करा आणि हत्यारं सरकारी कोठारात जमा करा. चौथं काय म्हणतं? बेकायदा बंदुका जप्त करा. नियम लिहिणाऱ्याला गाव माहीत होतं. बंदूक एकाच्या नावावर असते आणि ती सगळ्या भावकीची असते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून आधी बळकट हात मोकळा करा, असा क्रम त्यानं लावला.

आणि आपण तिसरं, चौथं सोडून पाचवं मागायला निघालो होतो. का? कारण तिसरं होईल यावर आपला विश्वासच नाही. राज्य त्यांची बंदूक काढून घेईल असं स्वप्नातही येत नाही, म्हणून आपण म्हणतो आम्हालाही द्या. हा अर्ज धैर्याचा वाटतो, पण खाली निराशा आहे. राज्याला तो सोयीचाही आहे. एक लायसन दिलं की राज्य म्हणणार, आता तुमचं तुम्ही बघा.

आणि होऊ शकतं, हे शेजारच्या बीडमध्ये दिसलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला, महाराष्ट्रभर आरडाओरड झाली, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्या जिल्ह्यात शंभरावर शस्त्रपरवाने रद्द झाले. म्हणजे परवाना दगडावरची रेघ नाही. ज्या सहीनं तो दिला त्याच खुर्चीतली सही तो काढून घेते. फक्त आरडाओरड लागते.

अजून एक हिशेब करा. वस्तीत घरं चाळीस, बंदूक एक. कुणाच्या घरात ठेवायची? ज्याच्या घरात राहील तो वस्तीतला पाटील व्हायला किती दिवस लागतील? खैरलांजीत बंदूक नव्हती. काठ्या, कुऱ्हाडी, सायकलच्या साखळ्या होत्या आणि अख्खा गाव होता. त्या घरात एक परवान्याची बंदूक असती तरी त्या गर्दीपुढं काय झालं असतं? आणि गावानं किराणा बंद केला, शेतावरचं काम बंद केलं, पाणी तोडलं, तर नळी कुणाकडं रोखणार? जातीचं सगळ्यात जुनं हत्यार बहिष्कार आहे. त्याला लायसन लागत नाही.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या लोकांवर लाठ्या चालल्या. जमलेल्यांत पलटणीतून पेन्शनीत आलेले लोक होते. त्यांना हात चालवता येत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. हल्लेखोरांपैकी काहींना पुढं कोर्टात शिक्षा झाली. पलटणीतल्या माणसाला आवरणं हे दुबळेपणाचं लक्षण नव्हतं. त्या दिवशी आपण पाण्यावर हक्क सांगायला गेलो होतो. लाठीला लाठी लागली असती तर दुसऱ्या दिवशी सगळा देश दंगलीबद्दल बोलला असता आणि तळं विसरला असता.

*

चौथ्या दिवशी मी टाके पडलेल्या पोराकडं गेलो. डोक्याला पट्टी, खाटेवर पडून मोबाईल बघत होता. विचारलं, "तुला काय पाहिजे? तुझ्या नावानं अर्ज करायलेत."

तो म्हणाला, "दादा, मला बंदूक काय करायचीय? मला त्या रस्त्यानं जायचंय. हातात काही नसताना."

मी तीन रात्री जे शोधत होतो ते त्यानं खाटेवर पडून सांगितलं. हत्यार धरायचा हक्क हा बरोबरीचा पहिला टप्पा असेल, पण शेवटचा नव्हे. शेवटचा हक्क रिकाम्या हाताचा आहे. गाव सुधारलं का हे ठरवायचं असेल तर गावात बंदुका किती आहेत ते मोजू नका. गावातला सगळ्यात दुबळा माणूस, आपली एखादी बाई, रात्री नऊ वाजता मधल्या आळीतून हात हलवत जाते का, ते बघा. जिथं ती जाते तिथं हत्यारबंदीचा कायदा न्यायाचा आहे. जिथं ती जात नाही तिथं तोच कायदा बळकटाच्या बंदुकीवरचं कव्हर आहे.

मग अर्ज लिहिला. क्रम बदलला नाही. पहिली मागणी, हा भाग अत्याचारप्रवण म्हणून ओळखा. दुसरी, तिसऱ्या नियमाप्रमाणे मारणाऱ्यांचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे परवाने रद्द करा, हत्यारं जमा करा. तिसरी, बेकायदा हत्यारांची झडती घ्या. चौथी, मिरवणूक त्याच रस्त्यानं जाईल, बंदोबस्त द्या. आणि शेवटी एक ओळ. वरच्या चारही गोष्टी राज्याला जमत नसतील तर तसं लेखी द्यावं, म्हणजे आम्ही पाचव्या कलमाखाली परवाना मागू.

ती शेवटची ओळ मी खोडली नाही. काही मित्रांना ती धमकी वाटली. माझ्या मते ती हिशेबाची ओळ आहे. आमचा हात रिकामा आहे तो आम्ही रिकामा ठेवलाय म्हणून, कुणी ठेवायला लावलाय म्हणून नाही, एवढं त्या कागदावर राहिलं पाहिजे. पोरांपैकी दोघं अजून माझ्यावर नाराज आहेत. म्हणतात, कवीनं अर्जाची धार काढली. त्यांचं चुकतंय असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. अर्जाला उत्तर आलेलं नाही.

तुम्ही वाचताय ते वेगवेगळ्या तालुक्यांत आहात. एक काम करा. माहितीच्या अधिकारात विचारा की तुमच्या तालुक्यात शस्त्रपरवाने किती, कुणाकडं, आणि तिसऱ्या नियमाखाली आजवर किती रद्द झाले. जिल्हा दक्षता समितीच्या बैठकीत तोच प्रश्न ठेवा. उत्तरं गोळा करून इथं पाठवा. कविता छापण्याआधी आपण ती छापू.

पणजाची काठी मी माळ्यावर ठेवली होती. ती आता खाली काढलीय. पुढच्या जयंतीला तिला झेंडा लावायचाय. मिरवणूक त्याच रस्त्यानं जाईल. कुणी काठी मोजायला आलं तर मोजू द्या. शेंबीपासून टोकापर्यंत साडेपाच फूट आहे.

जय भीम.